दिघाशीसाठी सांगितलेला पाऊस

वसंता गेल्याची बातमी मला सायझिंगच्या ऑफिसातल्या फोनवर कळली. मे महिन्यातली सकाळ होती. भिवंडीजवळ शेलारच्या रस्त्यावर एक ट्रक आडवा पडून वाहतूक तुंबलेली, लाइट गेलेली, आणि मी घाम पुसत सूत गुंडाळलेल्या बीमांची यादी तपासत होतो. सायझिंग म्हणजे लूमवर चढवण्याआधी सुताला खळ द्यायचा कारखाना. तिथे मी पंचवीस वर्षं क्लार्क आहे. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता. त्याने विचारलं, आप अनंतजी हैं, वसंतजी के घर से? मी हो म्हणालो. मी त्याच्या घरचा कसा आणि कसा नाही, याचा खुलासा करायची ती वेळ नव्हती. राजस्थानात वाळवंटाच्या कडेला असलेल्या ज्या वेधशाळेत वसंता नोकरीला होता, तिथून तो फोन होता. सकाळच्या नोंदी घेऊन तो खोलीत परतला, पाणी मागितलं, आणि खुर्चीतच... पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. काही झालं तर कोणाला कळवायचं, या रकान्यात त्याने माझ्या ऑफिसचा नंबर दिला होता. गावी, दिघाशीला, त्याच्या सख्ख्या भावाच्या घरी फोन बसून चार वर्षं झाली होती. तो नंबर मीच त्याला पत्रातून कळवला होता. त्याने तो कागदावर चढवला नव्हता.

म्हणजे वसंताचा निरोप घेऊन दिघाशीला पुन्हा मलाच जायचं होतं. फोन करता आला असता, पण असं फोनवर सांगत नाहीत. एसटीने गेलो. काशिनाथदादा, वसंताचा थोरला भाऊ, भट्टीवर होता. मला बघूनच त्याने हातातलं फावडं खाली ठेवलं. मी सांगितलं तसा तो विटांच्या थप्पीवर बसला आणि बराच वेळ फक्त 'कवा?' एवढंच विचारत राहिला. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तरी तेच. मेच्या उन्हात तिकडून देह आणणं शक्यच नव्हतं. वेधशाळेतल्या माणसांनीच सगळं केलं. आम्ही दोघे जाऊन अस्थी घेऊन आलो. जाता-येता चार दिवस आम्ही समोरासमोरच्या बाकांवर होतो. त्या चार दिवसांत मला एक गोष्ट त्याला सांगायची होती. सांगितली नाही. पाणी आणायला उतरलो, पेपर विकत घेतला, उगाच डब्यातून फेऱ्या मारल्या. काशिनाथदादा एकदा म्हणालासुद्धा, बस की रे जरा, किती फिरतोस.

या गोष्टीला आता नऊ आठवडे झाले. अजून मला एका जागी बसवत नाही. या पुरवणीत गेलेल्या माणसांबद्दल लोक गोड लिहितात, आणि ते योग्यच आहे. मलाही वसंताबद्दल गोड लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. पण लिहायला बसलो की उठतो, आणि उठलो की पुन्हा बसतो. बायको म्हणते, एकदाचं लिहून टाका, नाहीतर त्या खुर्चीचे पाय मोडतील.

वसंता दिघाशीचा. गावात तेव्हा सातवीच्या पुढे शाळा नव्हती, म्हणून आठवीला तो भिवंडीला आला आणि आमच्याकडे राहिला. काशिनाथदादा दर महिन्याला तांदळाचं गाठोडं घेऊन यायचा आणि माझ्या आईला म्हणायचा, काकी, याला मारा, पण शिकवा. मारायची वेळ आली नाही, पण एकदा आली असती. शाळेची सहल वज्रेश्वरीला गेली होती. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांत सगळ्यात गरम कुंड कोणतं, यावरून आमच्यात वाद झाला. वसंताने खिशातून थर्मामीटर काढला. तो माझ्या वडिलांचा, तापाचा थर्मामीटर. कुंडात धरला आणि तो टचकन फुटला. घरी आल्यावर वसंताने स्वतःहून वडिलांपुढे उभं राहून सांगितलं, की थर्मामीटर मी नेला आणि मीच फोडला. खरं तर कपाटातून तो मी काढून दिला होता. वडिलांनी त्याला काही केलं नाही. फक्त म्हणाले, माणसाचा थर्मामीटर पाण्याला लावायचा नसतो. त्यावर हा विचारतो, मग पाण्याचा कुठे मिळतो? मला वाटतं, त्याचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका प्रश्नात होतं.

तो फिजिक्स शिकला, हवामान खात्याची परीक्षा पास झाला, पुण्यात ट्रेनिंग झालं, आणि ऐंशीच्या सुमारास त्याला पोस्टिंग मिळालं ते थेट वाळवंटात. आम्ही सगळे हसलो. भाताच्या गावचा पोरगा, जिथे चार महिने अंगावरचे कपडे वाळत नाहीत, आणि याला पाऊस मोजायला पाठवलं कुठे, तर जिथे तो पडतच नाही. सायझिंगचे आमचे मास्टर युनूसभाई, सुताला नुसता हात लावून हवेत ओल किती आहे ते सांगणारे, त्यांनी वसंताला विचारलं होतं, वहाँ दिनभर करोगे क्या, भाई? वसंता म्हणाला होता, देखूँगा कि नहीं गिरा. युनूसभाई हे वाक्य पुढे कित्येक वर्षं प्रत्येक नव्या कामगाराला ऐकवत.

ऐंशीचं दशक संपता संपता मी एकदा त्याच्याकडे आठ दिवस जाऊन आलो. तारेच्या कुंपणात पांढरी झडपांची पेटी, वाऱ्याचा पंखा, आणि जमिनीत रोवलेलं पर्जन्यमापक. रोज सकाळी साडेआठला हा माणूस त्या कोरड्या ठणठणीत भांड्यात वाकून बघायचा आणि वहीत शून्य लिहायचा. मला वाटलं, सरकारी नोकरी असावी तर अशी. पण त्याच सुमाराला दिल्लीचा मोठा कॉम्प्युटर हवामानाचे अंदाज काढू लागला होता, आणि ते वाळवंटात कितपत खरे ठरतात हे तपासायचं काम वसंताकडे आलं होतं. एका रकान्यात कॉम्प्युटरने काय सांगितलं, दुसऱ्यात प्रत्यक्षात काय झालं. जुळलं तर बरोबर, नाही तर चूक. महिन्याअखेरीस गुण मोजायचे आणि वर पाठवायचे. त्याचे साहेब खूश होते, कारण पावसाच्या अंदाजाला शाळेतल्या पहिल्या नंबरासारखे गुण पडत होते.

वसंता मात्र चिडलेला होता. त्या आठ दिवसांत मी त्याला स्वस्थ बसलेला पाहिलाच नाही. जेवताना ताटात बोटाने रकाने ओढायचा. मला म्हणाला, "अंत्या, इथे एखाद्या गाढवाच्या गळ्यात 'आज पाऊस नाही' अशी पाटी अडकव आणि वर्षभर चौकात उभं कर. त्याला कॉम्प्युटरपेक्षा जास्त गुण मिळतील." मी हसलो. तो हसला नाही. त्याचं म्हणणं असं, की जिथे पाऊस क्वचितच पडतो, तिथे 'पडणार नाही' असं सांगून बरोबर ठरण्यात कसलं कौतुक? वर्षातून जे मोजके दिवस पाऊस येतो, त्यांतले किती दिवस आधी सांगता आले, तेवढंच विचारायला हवं. कारण त्याच दिवशी कोरडी नदी भरते, त्याच दिवशी मेंढरं वाहून जातात. बाकीच्या दिवसांचे गुण गाढवालाच द्यावेत. त्याने तसा हिशेब मांडून पाहिला तेव्हा कॉम्प्युटर साफ नापास झाला. शिवाय वाळू सूर्य मावळताच किती झपाट्याने गार होते, हेही त्या यंत्राला अजून कळलेलं नाही, म्हणून तिथल्या पहाटेच्या थंडीचा अंदाज नेहमी चुकतो, अशी त्याची दुसरी तक्रार होती. ती सांगतानाचा त्याचा आवाज गावाकडच्या सुनेबद्दल बोलणाऱ्या सासूसारखा असायचा.

पण तो कॉम्प्युटरचा शत्रू नव्हता, हेही मी तिथेच पाहिलं. एका लांबच्या ठाण्यावर कॉम्प्युटरने हलका पाऊस सांगितला होता आणि तिथल्या माणसाने शून्य लिहून पाठवलं होतं. वसंता मला घेऊन बसने तिथे गेला. उन्हातून तीन तास. तिथे एक उंटवाला भेटला. तो म्हणाला, बादल तो आया था, साब, बूँदें भी उतरीं, पर आधी तो हवा ही पी गई. जी काही जमिनीपर्यंत आली असतील, ती सकाळी साडेआठला माणूस येईपर्यंत भांड्यातून उडून गेली असणार. वसंता परत येताना सबंध रस्ता अस्वस्थ होता. पुन:पुन्हा म्हणत होता, बिचाऱ्याने बरोबर सांगितलं होतं आणि आपण त्याला चूक दिली. यंत्रावर अन्याय झाला म्हणून हळहळणारा दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही. मी सुचवलं, मग लिही की चार थेंब पडले म्हणून, कोण बघतंय? त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा त्या विषयावर बोललो नाही. भांड्यात जे मोजलं नाही, ते तो वहीत लिहीत नसे. साहेबांनी एकदा त्याच्या अहवालातलं नापासाचं कोष्टक काढून टाकायला सांगितलं, तेव्हा त्याने अहवालावर सही केली नाही. त्याची बदली आणखी आत, आणखी लहान ठाण्यावर झाली. तिथे जाऊन त्याने तेच कोष्टक पुन्हा मांडलं.

आता मला जे लिहायचं आहे तिकडे येतो. इतका वेळ मी रस्त्यातच रेंगाळतो आहे हे मलाही कळतंय...

भिवंडीत लूमच्या शेडी भराभर उठू लागल्या तशी विटांना मागणी आली, आणि काशिनाथदादाने नदीकाठच्या आपल्या जमिनीत वीटभट्टी घातली. दिवाळीनंतर कामगारांची जोडपी यायची. नवरा माती मळायचा, बायको साच्यात थापायची. थापलेल्या कच्च्या विटा हजारोंनी उघड्यावर वाळत पडायच्या, आणि मग भट्टी रचून पेटवायची. वीट भाजेपर्यंत तिला एकच भीती, अवकाळी पावसाची. एक मोठी सर आली की वीट पुन्हा माती. वसंता सांगायचा, हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी वादळी हवा आधी त्याच्या डोक्यावरून जाते आणि कधी कधी तिचं शेपूट आपल्या बाजूला येतं. त्यामुळे तसं काही दिसलं की तो माझ्या ऑफिसात फोन करायचा, कारण दिघाशीला तेव्हा फोन नव्हता. मी संध्याकाळची एसटी पकडून दादाला निरोप द्यायचो. भाऊ वेशीवर बसलाय, असं काशिनाथदादा अभिमानाने गावात सांगायचा.

पहिल्यांदा त्याने सांगितलं, पावसाची शक्यता आहे, झाकून ठेवा. दादाने पेंढा आणि प्लास्टिक पसरून सगळ्या विटा झाकल्या. दोन दिवस काम बंद, जोडपी बसून. आभाळ आलं, गेलं, थेंब पडला नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. यावेळी तर झाकलेल्या विटा घामेजून नरम पडल्या आणि कितीतरी पुन्हा थापाव्या लागल्या. वाणसामान संपलेली जोडपी कुरकुरत होती. दादा निरोप्यावरच भडकला. सगळ्यांसमोर मला म्हणाला, "तुझ्या दोस्ताला सांग, तू वाळू मोज. आन तूबी पुन्हा असा धावत येऊ नको." मी वसंताला हे कळवलं. तो म्हणाला, खरं आहे, दोन चुका माझ्या नावावर लाव. पण त्यामुळे तिसऱ्या वेळी गप्प बसता येत नाही ना.

तिसरी वेळ ब्याण्णवच्या फेब्रुवारीत आली. मला तो फोन शब्दन् शब्द पाठ आहे. वसंता म्हणाला, "कॉम्प्युटर तुमच्या बाजूला पाऊस नाही म्हणतोय. पण हे वारे असे असले की त्याचं 'नाही' खोटं ठरतं. तीन वर्षं तपासतोय मी. दादाला म्हणावं, रागाव हवं तर, पण दोन दिवस झाक." मी ठीक आहे म्हणालो. एसटीत बसलो. मला पुन्हा त्या जोडप्यांसमोर उभं राहून बोलणी खायची नव्हती. वसंता तिकडे लांब, सुखात. शिव्या खायला मी. आणि मनातून मलाही वाटत होतं, की एवढं मोठं यंत्र नाही म्हणतंय, तर हा कोण शहाणा?

भट्टीवर पोचलो. दादाने नमस्कारही घेतला नाही. काय म्हणतो, असं नुसत्या भुवयांनी विचारलं. मी म्हणालो, कॉम्प्युटरने पाऊस नाही असं सांगितलंय. हे खोटं नव्हतं. मी तिथेच थांबलो असतो तर निदान अर्धं खरं तरी माझ्या बाजूला राहिलं असतं. पण काशिनाथदादाने विचारलं, "आन वसंता? वसंता काय बोलला?"

मी म्हणालो, "तेच."

त्याचा चेहरा उजळला. एवढ्या दिवसांनी त्याने मला बसवून चहा दिला. म्हणाला, बरा झाला, आता सुधारला तो. मी चहा प्यालो. तो गोड होता, हेही मला आठवतंय. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास शेलारला ऑफिसच्या पत्र्यावर ताड ताड आवाज सुरू झाला, तेव्हा मी जागेवरून उठलो आणि पुन्हा बसलो. युनूसभाई दारात उभे राहून म्हणत होते, फरवरी में ये क्या तमाशा है. भिवंडीत पाव तासात थांबला. दिघाशीला संध्याकाळपर्यंत कोसळला. मी दोन दिवसांनी गेलो. सगळ्या खळ्यावर लाल चिखल झाला होता. त्यातून कुठे कुठे विटांचे कोपरे वर आलेले दिसत होते. जोडप्यांनी तीन महिने थापलेलं सगळं गेलं होतं. त्यातली निम्मी आपलं बोचकं उचलून गावाला चालू लागली. त्या वर्षी काशिनाथदादाची भट्टी पेटली नाही.

होळीला वसंता रजेवर आला. मी त्याच्याबरोबर दिघाशीला गेलो. जायचं टाळता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला वाटत होतं की आता सगळं बाहेर येईल आणि एकदाचं सुटेन. दादा अंगणातच उभा होता. त्याने आवाज चढवला नाही. म्हणाला, "झाकायला सांगितलास तवा पडला न्हाय. न्हाय बोललास तवा पडला." वसंताने माझ्याकडे पाहिलं. फार तर दोन क्षण. त्याला सगळं कळलं, हे मला कळलं. मी खाली मान घालून चपलेचा अंगठा नीट करत होतो. मग तो भावाला म्हणाला, "हो दादा. माझंच चुकलं." काशिनाथदादा म्हणाला, "तू वाळवंटातच रा. आमच्याकडं पाऊस पडतो." आणि घरात निघून गेला.

एसटीच्या थांब्यापर्यंत आम्ही चालत आलो. आता विचारील, आता विचारील, अशी मी वाट बघत होतो. त्याने विचारलं नाही. रस्त्याकडेच्या शेतात वाल किती छान आलाय, याबद्दल बोलला. त्याने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर तो भिवंडीला यायचा तो माझ्या घरी. दिघाशीला त्याने पाय ठेवला नाही. मी त्याला कोळंबीचं कालवण खायला घालायचो, आग्रह करकरून वाढायचो, आणि गप्प बसायचो. मुख्य गोष्ट सोडून बाकी सगळ्या बाबतीत मी त्याच्याशी फार चांगला वागलो.

मधल्या काळात वसंताच्या खात्यात नवे साहेब आले. त्यांनी जुने कागद चाळताना ते नापासाचं कोष्टक पाहिलं आणि फक्त पावसाच्या दिवसांचे गुण वेगळे मोजायला सुरुवात केली. वसंताने हे मला पत्रात एका ओळीत कळवलं. पुढची ओळ होती, तिकडे पाऊस झाला का? हा प्रश्न त्याच्या प्रत्येक पत्रात असे. कधी तारीख घालून विचारायचा, अमुक दिवशी दिघाशीकडे काही पडलं का? मला वाटायचं, धंद्याची खोड. मी चौकशी करून कळवत असे.

गेल्या दिवाळीत तो शेवटचा आला. सकाळी आम्ही गॅलरीत चहा घेत होतो. त्याने नेहमीप्रमाणे विचारलं, दादा कसा आहे? मी म्हणालो, बरा आहे, डोळ्यांत मोतीबिंदू वाढतोय. मग मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, वसंता, त्या फेब्रुवारीत... तो म्हणाला, "अंत्या, चहा गार होतोय." त्याने मला पुढे बोलू दिलं नाही. का, याचा विचार मी गेले नऊ आठवडे करतोय. मला वाचवायला म्हणून की मला सुटू द्यायचं नव्हतं म्हणून? तो असा सूड घेणाऱ्यातला नव्हता. पण मला खात्री नाही.

तीन आठवड्यांपूर्वी त्याची ट्रंक ट्रान्सपोर्टने माझ्या ऑफिसात आली. टेम्पोत घालून ती दिघाशीला नेली. काशिनाथदादाने ओसरीवर उघडली. चार शर्ट, एक घोंगडी, रेझर, आणि खाली वह्याच वह्या. सगळ्या इंग्रजीत, आकड्यांनी भरलेल्या. एकीच्या पुठ्ठ्यावर मात्र मराठीत लिहिलं होतं, दिघाशी. दादाने ती डोळ्यांजवळ धरून पाहिली आणि माझ्याकडे दिली. म्हणाला, वाच, आपल्या गावचा काय लिवलाय बघू.

वसंताने दिघाशीचे स्वतःचे अंदाज तपासले होते. एका रकान्यात त्याने काय सांगितलं, दुसऱ्यात काय झालं. पहिली नोंद: पाऊस येईल, आला नाही, चूक. दुसरी तशीच. पुढे दर हिवाळ्यातल्या नोंदी होत्या, या वर्षीपर्यंतच्या. कोणालाही न कळवता तो दिघाशीसाठी अंदाज करत राहिला होता, आणि माझ्या पत्रांतून आलेली उत्तरं समोर लिहीत होता. त्यात कितीतरी बरोबर होते. मी वाचत होतो आणि दादा मान हलवत होता. मग मी मागे जाऊन ती तिसरी नोंद पाहिली. फेब्रुवारीची. वसंताच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: अंदाज, पाऊस नाही. प्रत्यक्षात, पाऊस. चूक.

चार थेंब भांड्यात नव्हते म्हणून न लिहिणारा माणूस. एका कोष्टकासाठी बदली पत्करणारा माणूस. त्याने आयुष्यात एकच खोटी नोंद केली आणि ती माझ्यासाठी. दादा म्हणाला, थांबलास का? मला ती नोंद न वाचताच वही मिटता आली असती. त्याला ती दिसत नव्हती, आणि दिसली असती तरी ती माझ्याच बाजूने होती. कागदावर वसंताच्या हाताने लिहिलेलं होतं की मी निर्दोष आहे. मी ती नोंद वाचून दाखवली. मग म्हणालो, "दादा, हे खोटं आहे. त्याने झाकायला सांगितलं होतं. तू रागावशील म्हणून मी अर्धाच निरोप दिला."

काशिनाथदादा माझ्याकडे वळला. मग विचारलं, "त्याला ठाऊक होता ता?"

"हो."

"आन तरी माझ्यासमोर बोलला, माझंच चुकलं."

"हो."

तो मला मारील असं वाटलं, आणि मारलं असतं तर मी हात वर केला नसता. तो भिंतीला टेकून बसून राहिला. मग म्हणाला, "सहा वर्सं मी त्याला उंबऱ्यात येऊ दिला न्हाय, अनंता." एवढंच. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो ते पुसत नव्हता. मी खिशातून पेन काढलं आणि म्हणालो, मी हे खोडतो, खरं लिहितो. त्याने माझ्या हातातून वही ओढून घेतली, मिटली आणि मांडीवर ठेवली.

"न्हाय. त्याच्या हातचा हाय ता. तुला लिवायचा तर दुसरीकडं लिव."

ती वही आता दिघाशीला काशिनाथदादाच्या घरी रेडिओशेजारच्या फळीवर आहे. गेल्या रविवारी गेलो होतो तेव्हा त्याने मला चहा विचारला नाही, पण वही काढून दिली आणि पहिल्यापासून पुन्हा वाचायला लावली. तिसऱ्या नोंदीशी आलो की तो हात वर करतो, मी थांबतो, आणि मग पुढची वाचतो. त्या वहीत मला लिहिता येणार नाही, म्हणून इथे लिहितो आहे. त्या फेब्रुवारीत वसंताने दिघाशीसाठी पाऊस सांगितला होता. तो आला. त्याचा अंदाज बरोबर होता.